भावजींचं एकच क्रियापद

माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, आमचे प्रल्हाद भावजी, यांनी उभं आयुष्य एका क्रियापदापायी घालवलं. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. लोक आयुष्य घरापायी घालवतात, मुलांपायी घालवतात, आणि यांच्या वाट्याला आलं काय, तर एक क्रियापद. तेही मराठी नाही. आणि कहर म्हणजे ते जगात कुणी कधी लिहून ठेवलेलं नाही.

मला समजलं तसं सांगते, कारण मी पडले फार्मसीच्या काउंटरवर गोळ्या देणारी बाई. फार पूर्वी पूर्व युरोपात एक भाषा होती. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन या सगळ्या तिच्या लेकी. आईनं मात्र स्वतः एक ओळ लिहिली नाही. मग लेकींचे चेहरे शेजारी शेजारी ठेवायचे आणि आईचं नाक कसं असेल, हनुवटी कशी असेल, ते ताडायचं. असा ताडलेला शब्द कागदावर लिहिला की त्याच्या आधी एक चांदणी काढायची. म्हणजे, हा आम्ही कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही बरं का, अंदाजानं उभा केलाय, अशी कबुली. मी त्याला विधानसभेतला तारांकित प्रश्न म्हणायचे आणि भावजी हसायचे. मेहुणीनं चेष्टा करायची आणि भावजींनी ऐकून घ्यायची, हे आमचं त्यांच्या लग्नापासून ठरलेलं आहे.

तर भावजींचं क्रियापद होतं 'कायाती'. रशियनमध्ये त्याचं झालं कायात्सा, चेकमध्ये काट से, बल्गेरियनमध्ये काया से. सगळीकडे अर्थ साधारण एकच, पश्चात्ताप करणं. पण भावजी म्हणायचे, हा अर्थ नंतरचा. मुळात ते होतं दोष देणं, शिक्षा करणं, भरपाई करून घेणं. तोच दोष माणसानं स्वतःकडे वळवला की झाला पश्चात्ताप. संस्कृतात त्याचा एक चुलतभाऊ सापडतो, सूड घेणं अशा अर्थाचा. रशियन लोक किमतीला जो शब्द वापरतात तोही म्हणे त्याच घराण्यातला. मराठीत मात्र या घराण्याचा वंश चालल्याचं त्यांना कुठे दिसलं नाही. मी म्हटलं, बरोबरच आहे, आपल्याकडे कुणाचं कधी काही चुकतच नाही, शब्द हवाय कशाला.

पुण्यात ते कॉलेजात होते तेव्हा रशियन शिकायची एक हवाच होती. सोव्हिएत पुस्तकं मातीमोल भावानं मिळायची, आतले कागद गुळगुळीत. बाकीची पोरं दोन वर्षांत सगळं विसरली, हे विसरले नाहीत. साखरपुडा उरकून इथे अमेरिकेत, मिडवेस्टात पीएचडीला आले, स्लाव्हिक भाषांच्या इतिहासात. आणि पहिल्याच वर्षी मिरजेला त्यांची आई गेली. वत्सलाबाई. मी त्यांना एकदाच पाहिलं, साखरपुड्यात. मी तेव्हा शाळेत होते, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या वेणीत गजरा माळला होता. तार आली तेव्हा भावजींची मोठी परीक्षा तोंडावर होती, आणि गेलो तर परत व्हिसा देतील का ही धास्ती. ते गेले नाहीत. त्यावर ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही विषय काढला नाही. जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणी बोलायचं नाही, अशी आमच्या घरची रीत आहे.

पुढे सोव्हिएत युनियन फुटलं. रशियन शिकायला मुलं येईनात, डिपार्टमेंटचं फंडिंग आटलं. तोवर लग्न होऊन ताई आली होती, त्यांचा अक्षत पोटात होता. भावजींनी गपचूप प्रोग्रॅमिंगचे कोर्सेस केले आणि इथे डेट्रॉइटजवळ ट्रॉयमध्ये गाड्यांच्या सीट्स बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. रिटायर होईपर्यंत सीट पुढे-मागे सरकवायचं सॉफ्टवेअर लिहीत राहिले. थीसिस राहिला तो राहिलाच. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की काय करता, तर ते सीट्स एवढंच सांगायचे. पण शनिवार उजाडला की चहाचा कप घेऊन बेसमेंटमध्ये जे उतरायचे, ते ताई जेवायला हाका मारून दमेपर्यंत. अक्षत लहानपणी मित्रांना सांगायचा, "माय डॅड हॅज अ व्हर्ब." लोकांकडे कुत्रा असतो तसं.

थीसिस नुसता नोकरीमुळे अडला नव्हता. मॉन्टेनेग्रोच्या डोंगराळ भागातल्या जुन्या शब्दकोशांत या क्रियापदाचा आणखी एक अर्थ दिलेला होता. गेलेल्या माणसासाठी शोक करणं. नुसतं डोळे पुसणं नव्हे, तर त्याचं नाव घेऊन, त्याच्याशी बोलत, मोठ्यानं. भावजींचं म्हणणं, हा अर्थ खूप जुना आहे आणि दोष देण्यापासून पश्चात्तापापर्यंतच्या वाटेवरचा मधला दुवा आहे. पण सगळा पुरावा पुस्तकांतला, आणि पुस्तकं एकमेकांची बघून लिहितात. त्यांना हवं होतं एक जिवंत माणूस, ज्याच्या तोंडून हा शब्द या अर्थानं सहज निघेल. तेवढं मिळालं असतं तर निदान एक लेख झाला असता. कुठेतरी कुणीतरी म्हणालं असतं की हो, प्रल्हाद टेंब्यांचं बरोबर होतं. एवढीच त्यांची आयुष्याकडून मागणी होती, आणि ती काही फार नव्हती.

ते माणूस त्यांना मी मिळवून दिलं. आमच्या फार्मसीत रे नावाचा एक गृहस्थ यायचा, घरांचे हीटिंग-कूलिंग दुरुस्त करणारा, आडवातिडवा, स्वभावानं गरीब. एकदा बरोबर त्याची आई आली. काळा रुमाल, काळा स्वेटर, हातात काठी. दोघं आपसांत जे बोलत होते ते मला भावजींच्या बेसमेंटमध्ये वाजणाऱ्या कॅसेटसारखं वाटलं, म्हणून मी सरळ विचारलं, कुठले तुम्ही. मॉन्टेनेग्रो, रे म्हणाला. आई डोंगरातल्या गावची, लग्न होऊन डेट्रॉइटला आली ती परत गेली नाही. मी लंच ब्रेकमध्ये भावजींना फोन केला. ते भेंडी चिरत होते, आणि ताई सांगते की फोन ठेवल्यावर सुरी हातात घेऊनच बॅकयार्डात येरझाऱ्या घालत राहिले.

तिचं नाव स्ताना. रेला बिचाऱ्याला आनंदच झाला, आईच्या भाषेत बोलायला कुणीतरी येतंय म्हणून. भावजींना डोळ्यांमुळे ड्राइव्ह करता येत नाही, ताईची लायब्ररीतली नोकरी, आणि मला गुरुवारी सुट्टी. म्हणजे ही वरात माझ्याच गळ्यात. दर गुरुवारी मी त्यांना स्टर्लिंग हाइट्सला स्तानाकडे घेऊन जायची. ती लांब दांड्याच्या भांड्यात कॉफी उकळायची, आपल्या काढ्याहून कडू. भावजी रेकॉर्डर टेबलावर ठेवायचे, तिला विचारून, आणि दोघांचं सुरू. मला ओ की ठो कळायचं नाही. मी तिच्याबरोबर घेवड्याच्या शेंगा सोलत बसायची, आणि परतताना भावजी गाडीत सगळं मला सांगायचे. ती भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी बाटलीत भरून द्यायची, मी तिला थालीपीठ न्यायची. मोडक्या इंग्रजीत आमचं दोघींचं छान जमायचं. सुना, गुडघे, आणि हिवाळा, तीन विषय पुरतात बायकांना.

पण भावजींना हवा तो शब्द काही निघेना. त्यांच्या जुन्या प्रोफेसरांनी त्यांना एक नियम शिकवला होता, आणि भावजींनी तो मुंजीतल्या मंत्रासारखा पाठ केला होता. ज्या शब्दाच्या शोधात आहोत तो आपण उच्चारायचा नाही. विषय काढायचा, आजूबाजूला फिरायचं, आणि थांबायचं. मग हे आपले विषय काढायचे. तुमच्याकडे कुणी गेलं की काय करतात? मग बायका काय करतात? रात्रभर कोण बसतं? ती सांगायची सगळं, प्रेत कसं ठेवतात, भाकरी कशी वाटतात, पुरुषसुद्धा कसे मोठ्यानं हंबरडा फोडतात. फक्त प्रत्येक वेळी शब्द दुसराच वापरायची. रडणं, हळहळणं, असे साधे. शब्द चुकला की भावजींचा खांदा एवढासा खाली यायचा. मला भाषा कळत नव्हती, खांदा कळायचा.

हे इतकं झालं की एकदा स्तानानं मला सिंकपाशी ओढलं आणि हळूच विचारलं, तुझ्या भावजींना काय झालंय? कॅन्सर? मी म्हटलं, नाही हो, ठणठणीत आहेत. तिचा विश्वास बसला नाही. चांगला माणूस सारखा मरणाचं कसं विचारेल? त्यानंतर ती त्यांच्या ताटात चीजचा मोठा तुकडा वाढायला लागली. गाडीत मी हे सांगितलं तेव्हा मी हसत होते आणि भावजींचा चेहरा पडला होता.

मी त्यांच्यावर खूप चिडले आहे त्या दिवसांत. म्हटलं, अहो, सरळ विचारून मोकळे व्हा ना. ऐंशी ओलांडलेली बाई, पिकलं पान. तुम्ही वाट बघताय की मुहूर्त बघताय?

"मी विचारलं तर ती हो म्हणेल, रेणू," ते म्हणाले. "घरी आलेल्या माणसाला नाही कोण म्हणतं? मग तो शब्द तिचा राहत नाही, माझा होतो. मी तिच्या तोंडात घातलेला."

मी म्हटलं, डोंबल. माणूस खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत.

एका गुरुवारी तिनं भावाचं सांगितलं, मध्ये मध्ये माझ्यासाठी मोडक्या इंग्रजीतही. ब्लाझो, तिच्या पाठचा. ती इथे आल्यावर तो नदीला पूर आला त्यात वाहून गेला. हिची मुलं लहान, नवरा फॅक्टरीत शिफ्टला, जाणं शक्यच नव्हतं. इथल्या अपार्टमेंटमध्ये हिनं मोठ्यानं सुरुवात केली, तर नवऱ्यानं तोंडावर हात ठेवला की शेजारी पोलिसांना बोलावतील. मग हिनं केलंच नाही. तसाच राहिला तो, तिच्या शोकावाचून. हे सांगताना तिची बोटं शेंगेवर थांबली होती. भावजी पुढे वाकले होते, डोळे तिच्या ओठांवर. आणि तिनं तिथेही साधं 'रडले नाही' एवढंच म्हटलं. खांदा खाली आला. मी बघितलं, आणि तिनंही बघितलं. तिनं शेंगांचा वाडगा उचलला आणि विषय बदलला. मला त्या क्षणी भावजींचा असा राग आला की परतताना मी रेडिओ मोठ्यानं लावून ठेवला. एक बाई भावाचं दुःख समोर मांडते आणि हा माणूस शब्द मोजतोय.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. मग तिचं हृदय थकलं. रेनं फोन केला की हॉस्पिटलमधून घरी आणलंय, आता शेवटच्या दिवसांसाठी हॉस्पिसची नर्स येते, यायचं असेल तर या. त्या दिवशी गुरुवार नव्हता. मी सुट्टी टाकली आणि निघालो.

लिव्हिंग रूममध्ये हॉस्पिटलचा पलंग लावला होता. ती उशांना टेकून होती, रुमाल नव्हता, पांढरे केस पहिल्यांदाच दिसले. बोलत होती, पण मध्ये श्वास घ्यायला थांबत होती. भावजींनी सवयीनं रेकॉर्डर काढून स्टुलावर ठेवला, तिनं सवयीनं मान हलवली. रे कॉफी करायला आत गेला. भावजी टोपी हातात घेऊन नुसती चाचपत होते. आणि मग ते एक वाक्य बोलले, त्यात मला दोन शब्द कळले. एक ब्लाझो, आणि दुसरा, जो मी इतकी वर्षं त्यांच्या बेसमेंटमधून ऐकत आले होते. इतकी वर्षं पाळलेला नियम त्यांनी मोडला. ब्लाझोसाठी तुमच्या गावात कुणी 'कायाती' केलं का, असं त्यांनी विचारलं होतं.

त्यावर ती जे म्हणाली ते भावजींनी मला नंतर सांगितलं.

"किती वेळ लावलास. पहिल्या दिवसापासून वाट बघतेय, कुणीतरी मला विचारेल म्हणून."

आणि तिनं सुरू केलं. मला वाटलं होतं, रडेल. ते रडणं नव्हतं आणि गाणंही नव्हतं. बोलत होती ती, लांबवत, उंचावत, प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज खाली टाकत. ब्लाझो, ब्लाझो, असं परत परत. श्वास संपला की थांबायची आणि परत धरायची. रे स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभा राहिला. त्यानं आयुष्यात आईचा हा आवाज ऐकला नव्हता. मी पदर नसलेली बाई, टिश्यूचा डबा शोधत होते.

संपल्यावर तिनं पाणी मागितलं. एक घोट प्यायली आणि भावजींच्या मनगटावर हात ठेवून तिनं त्यांना काहीतरी विचारलं. तुझं कोण असं शोकावाचून राहिलंय? तिकडे म्हणे अशी पद्धतच आहे, आपल्या माणसासाठी केलं की जवळ बसलेल्याच्या माणसासाठीही करायचं. ती तशीच हात धरून. मग भावजी तिच्या सर्बियनमध्ये दोन छोटी वाक्यं बोलले. आई. मी गेलो नाही. पस्तीसेक वर्षांत हे वाक्य त्यांनी ताईसमोर उच्चारलं नव्हतं, ते त्या परक्या बाईसमोर, परक्या भाषेत उच्चारलं. तिनं विचारलं, नाव? त्यांनी नाव सांगितलं.

आणि स्टर्लिंग हाइट्सच्या त्या खोलीत, त्या म्हातारीच्या तोंडून, मी "वत्सला" ऐकलं. व जरा वेगळा, ल जरा जड, पण वत्सला. माझ्या वेणीत गजरा माळणारी ती बाई. नंतर मी भावजींच्या खनपटीला बसून ओळ न् ओळ विचारून घेतली. वत्सला, माझ्या न बघितलेल्या बहिणी, तुझा मुलगा माझ्या घरी येतो. माझी कॉफी पितो, चेहरा न वाकडा करता. त्याचे डोळे अधू झालेत. थंडीत टोपी घालत नाही, हातात घेऊन फिरतो. तू गेलीस तेव्हा तो आला नाही, त्याला दोष देऊ नकोस. द्यायचाच असेल तर मला दे, मीही कुणाकडे गेले नाही. असं बरंच. भावजी खाली मान घालून बसले होते आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकत होतं, ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही. मी मात्र ढसाढसा रडले, न समजलेल्या शब्दांना.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, झालं की नाही तुमचं काम? रेकॉर्ड झालं ना सगळं? आता लिहा तो लेख आणि पाठवा.

भावजी म्हणाले, नाही. शब्द आधी मी उच्चारला. त्याला पुरावा म्हणता येणार नाही.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, अहो, ती बाई तिथे तासभर तेच करत होती, शब्द गेला चुलीत. ते म्हणाले, करत होती, मान्य आहे. पण त्याला ती स्वतःहून काय म्हणाली असती, ते आता कधीच कळणार नाही. पहिल्याच दिवशी तिचं ऐकायला बसलो असतो, तर कदाचित ती आपणहून म्हणाली असती. मी शब्दाची वाट बघत बसलो. खिडकीबाहेर बघत ते हे म्हणाले. लेखाच्या जागी त्यांनी बेसमेंटमधल्या त्या क्रियापदाच्या कार्डावर एक ओळ लिहिली, असं ताई म्हणते. या अर्थाला जिवंत पुरावा मिळाला नाही. रेकॉर्डिंग त्यांनी रेला देऊन टाकलं.

स्ताना त्याच आठवड्यात गेली. फ्युनरल होममध्ये मी आणि भावजी गेलो, ताईला बरं नव्हतं. मऊ कार्पेट, मंद पियानो, टीव्हीवर तिचे फोटो एकामागून एक सरकतायत. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटल्या. सुना, नातवंडं सगळी नीटनेटक्या काळ्या कपड्यांत, टिश्यू डोळ्यांना नुसता लावून काढत होती. मोठ्यानं कुणीही रडलं नाही. नातवंडांना तिची भाषा येत नव्हती आणि रेला जेवढी येत होती तेवढी जेवणखाणापुरती होती, या कामाची नव्हती. मग रे आमच्यापाशी आला. भावजींना तो प्रोफेसर म्हणायचा, आईचं बघून. म्हणाला, शेवटची वर्षं तुम्हीच तिच्याजवळ बसलात, दोन शब्द बोला.

भावजी उठले आणि मी खुर्चीत सरसावून बसले. मला खात्री होती. त्या खोलीत हे कसं करायचं ते माहीत असलेला एकच माणूस होता, आणि तो उभा राहिला होता. शवपेटीपाशी गेले, टोपी डाव्या हातात घेतली, घसा साफ केला. आणि इंग्रजीत म्हणाले, आज मी तुम्हाला एका क्रियापदाबद्दल सांगणार आहे.

मग त्यांनी सगळं सांगितलं, एकूण एक. ती न लिहिलेली भाषा, चांदणी, रशियन, चेक, बल्गेरियन, संस्कृतातला चुलतभाऊ. दोष कसा आतल्या बाजूला वळला. डोंगरातल्या गावांत हा शब्द शोकासाठी कसा राहिला असावा, आणि ते सिद्ध करणं का कठीण आहे. त्यांच्या शास्त्रात बोलणाऱ्या माणसाचं नाव उघड करत नाहीत, त्याची खाजगी गोष्ट म्हणून. तर हे तिथे, तिच्या पेटीशेजारी उभं राहून, तिला सबंध वेळ "माय स्पीकर" म्हणत राहिले. माय स्पीकर असं म्हणाली, माय स्पीकरच्या गावी तसं करत. लोक शहाण्यासारखे ऐकत होते. एका नातीनं चोरून फोन बघितला. संपल्यावर रेनं त्यांना मिठी मारली, व्हेरी इंटरेस्टिंग, प्रोफेसर, म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. त्यांच्यासाठी, माझ्यासाठी नव्हे.

सिमेट्रीकडे जाताना सगळ्या गाड्यांनी दिवे लावले होते, टपावर छोटे झेंडे. मी रांगेत हळूहळू चालवत होते. बऱ्याच वेळानं भावजींनी विचारलं, "मी तिचं नाव घेतलं का गं?"

खोटं बोलावं असं फार मनात आलं. एरवी मी त्यांना हजार थापा मारलेल्या आहेत.

"नाही भावजी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. म्हणाले, तिथे करतो, मातीपाशी. येतं मला. ऐकलंय ना. मग पुढचा सगळा रस्ता त्यांचे ओठ हलत होते, परीक्षेला जाणाऱ्या मुलासारखे.

वारा होता. पाद्रीबाबांचं झालं, रेनं मूठभर माती टाकली, सुनांनी टाकली. भावजी पुढे झाले. कडेला उभे राहिले. मी बघत होते, त्यांनी तोंड उघडलं. सगळे थांबले होते, कुणाची घाई नव्हती. कुणी पोलिसांना बोलावणार नव्हतं. फ्युनरल होमचा एक तरुण माणूस, ग्लोव्ह्ज घातलेला, त्याला वाटलं यांना फूल मिळालं नाही म्हणून थांबलेत. त्यानं हळूच एक पांढरा गुलाब त्यांच्या हातात दिला. भावजींनी तो बघितला, खाली सोडला, आणि त्या माणसाला थँक यू म्हणाले. तेवढंच निघालं तोंडातून. मग मागे सरकले आणि पुढच्याला जागा दिली.

जेवायला थांबा म्हणून रेनं आग्रह केला, आम्ही नाही म्हटलं. गाडीत बसल्यावर मी त्यांचा हात धरला, जो मी इतक्या वर्षांत कधी धरला नव्हता.

"तिनं माझ्या आईला बघितलं नव्हतं, रेणू," ते म्हणाले. "श्वास पुरत नव्हता तरी केलं माझ्या आईचं. आणि मला तो शब्द सगळ्या भाषांत येतो, फक्त करता येत नाही."

मी गाडी सुरू केली नाही, म्हटलं, रडू देत मनसोक्त. पण ते रडलेही नाहीत, सीटबेल्ट लावून नुसते समोर बघत बसले.